आता हे वाढवू या
पाण्यावरून उडणारं विमान बनवणाऱ्या आमच्या कंपनीत विमान सोडून बाकी सगळं उडायचं. नुसत्या बाता आणि टाळ्या. तीन वर्षं मी परदेशात, हार्बरफ्रंटच्या त्या ऑफिसात मीटिंगची टिपणं लिहिली आणि दिवसेंदिवस मला सगळ्याचीच शिसारी येत गेली.

तिथे एकच माणूस सरळ होता, निशिकांतकाका. वय अठ्ठावन्न, मूळचे पुण्याचे, काम चाचण्यांचे अहवाल तपासण्याचं. त्यांच्या टेबलावर ‘प्रिन्सेस’ नावाच्या जुन्या ब्रिटिश विमानाचा फोटो होता. अवाढव्य, दहा इंजिनांचं, पाण्यावर उतरणारं. तीन बांधायला घेतली, उडालं एकच. तोवर जगभर धावपट्ट्या झाल्या होत्या, पाण्यावर उतरायची गरज कोणाला होती? वर्षानुवर्षं गुंडाळून ठेवली आणि शेवटी भंगारात काढली.

"फसलं याचं मला काही नाही, विनीता," काका म्हणायचे. "माणूस चुकतोच. पण फसलंय हे दिसत असताना माना डोलावणाऱ्यांची मला किळस येते."

काकांचं एक होतं, अशुभ शब्द तोंडातून काढायचा नाही. ऑफिसातून निघताना ‘जातो’ नाही, ‘येतो’. दुकान बंद करत नाहीत, वाढवतात. आम्ही त्यांची खूप थट्टा करायचो.

जूनच्या चाचणीत आमच्या विमानाचं नाक पाण्यात घुसलं. वैमानिक वेदांतचा खांदा मोडला, बुडता बुडता वाचला. पुढच्याच आठवड्यात मीटिंग झाली. समोर गुंतवणूकदार, मधोमध आमचा मालक तन्मय. इथल्याच बुकित तिमाह भागात वाढलेला, इंटरनॅशनल स्कूलमधला, मराठी घरच्या जेवणापुरती. चारचौघांत त्याची शोभा नको म्हणून काका त्याच्याकडे वाकून हळूच मराठीत म्हणाले, "तन्मय, माझं ऐक. आता हे वाढवू या."

तन्मयचे डोळे चमकले. "शुअर काका! तुम्ही म्हणता तर वाढवूच."

काकांचे डोळे भरून आले. सुटलो एकदाचे, असं मला म्हणाले आणि पुतण्याच्या लग्नासाठी त्याच संध्याकाळी पुण्याला गेले.

काका बाहेर पडताच तन्मय माझ्याकडे वळला. "लिही, निशिकांतकाका रेकमेंड एक्स्पान्शन. दुसरं विमान बांधायचं."

मला काकांचं बोलणं बरोबर कळलं होतं. क्षणभर हात थांबला. पण इथे राहून नोकरी करायचा माझा पास त्याच महिन्यात रिन्यू व्हायचा होता. मी लिहिलं. अजून आठवलं की स्वतःच्या तोंडावर थुंकावंसं वाटतं.

पंधरा दिवसांनी कंपनीच्या सेम्बावांगच्या शेडमध्ये पूजा होती. काका विमानतळावरून बॅगेसकट थेट तिथे आले. विमानाला रीतसर निरोप देताहेत, अशी त्यांची समजूत. आत बघतात तर नव्या विमानाचा सांगाडा, त्यावर झेंडूच्या माळा, फोटोग्राफर, आणि हात झोळीत घेऊन उभा असलेला वेदांत.

"या काका! नारळ तुम्हीच फोडा," तन्मय म्हणाला.

"फोडा म्हणू नये रे," काका सवयीने बोलले. "वाढवा म्हणावं."

"वाढवा? म्हणजे मोठं करा ना?"

"नारळ वाढवणं म्हणजे फोडणं. दुकान वाढवणं म्हणजे बंद..."

काका तिथेच थांबले. सांगाड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी मान खाली घातली.

तन्मयलाही उमगलं. त्याचा चेहरा उतरला, पण क्षणभरच. पाहुण्यांकडे बघत तो हलक्या आवाजात म्हणाला, "टू लेट लाह, काका. सगळे आलेत. नेक्स्ट मंथमध्ये वेदांत फिट होईल, जुन्या प्लेनची परत ट्रायल घेऊ. जरा स्माइल करा."

मोडक्या खांद्याचा माणूस दोन हातांच्या अंतरावर उभा होता, आणि हा हसत होता.

काकांनी नारळ माझ्या हातात दिला. "हा तूच फोड," म्हणाले. समजावण्यापुरता नाही, खरोखर वापरलेला तो शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकला. मग त्यांनी वेदांतचा धड हात धरला. "चल. तू परत त्यात बसायचं नाहीस."

वेदांत त्यांच्याबरोबर निघाला. ते विमान चालवणारा दुसरा कोणी आमच्याकडे नव्हता. तन्मय हाका मारत राहिला.

दारात काका वळले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "जातो."