नव्याण्णव म्हणजे माहीत नाही

विद्यापीठात सगळे त्यांना आकडेबाई म्हणत. बाईंना हे नाव मुळीच आवडत नसे, पण तीस वर्षं तक्रार केली नाही, आता काय करायची! संशोधन इतरांनी करायचं आणि त्यातले आकडे खरं बोलताहेत की नाही ते बाईंनी सांगायचं, असं त्यांचं काम. कुणी मधमाश्या मोजी, कुणी पुलाच्या तारा ताणून बघे, कुणी रुग्णांना दोन प्रकारची औषधं देऊन बघे; पण सगळ्यांची वाट शेवटी जिन्याखालच्या त्यांच्या खोलीपाशी येई. खोलीत एक टेबल, तीन कपाटं आणि दोन खुर्च्या. पाहुण्याच्या खुर्चीचा एक पाय आखूड होता. तो बाईंनी कधी दुरुस्त करून घेतला नाही, कारण डुगडुगणारा माणूस मुद्द्यावर लवकर येतो.

लोक येत तेच मुळी वरातीमागून घोडं घेऊन. दोन वर्षं प्रयोग करायचा, वह्यांचे गठ्ठे साठवायचे आणि मग बाईंच्या टेबलावर आदळून म्हणायचं, "बघा ना, यातून काही निघतंय का." आडातच नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार, हे बाईंनी इतक्यांदा सांगितलं होतं की हल्ली त्या नुसत्या विहिरीत डोकावल्यासारखं करीत आणि समोरचा ओशाळे.

या छळावर उपाय म्हणून बारा वर्षांपूर्वी त्यांनी पाच नियम छापून भिंतीवर लावले आणि सगळ्या विभागांचे फॉर्म स्वतः आखून द्यायला सुरुवात केली. तिसरा नियम त्यांचा विशेष लाडका. फॉर्मवरची कोणतीही चौकट रिकामी सोडायची नाही. माहिती मिळाली नाही तर तिथे ९९ लिहायचं. त्याआधी रिकाम्या चौकटीत कुणी शून्य भरी, कुणी रेघ ओढी, आणि एका वनस्पतीवाल्याने तर पान काढलं होतं. नव्याण्णव म्हणजे माहीत नाही. संगणकालाही त्यांनी तसंच शिकवलं होतं: ९९ दिसला की तो माणूस, तो ठोकळा किंवा ती मधमाशी हिशेबातून बाजूला ठेवायची.

त्या मंगळवारी, नऊ तारखेला, सकाळी अकरा वाजता काँक्रीटवाले प्राध्यापक आले. नव्या मिश्रणाचे साठ ठोकळे त्यांनी दाबून पाहिले होते आणि नवं मिश्रण जुन्यापेक्षा फारच मजबूत निघालं होतं. बाईंनी कागद चाळले. ठोकळे साठ, पण आकडे एकोणपन्नासच.

"बाकीचे अकरा कुठे गेले?"

"ते साच्यातून काढतानाच फुटले, मॅडम. मोजायला उरलेच नाहीत, म्हणून वगळले."

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. तो काढला की समोरच्याने उठायची तयारी करावी, असा रिवाजच पडला होता.

"अहो, जे फुटले तेच तर सांगत होते तुम्हाला," त्या म्हणाल्या. "धडधाकट तेवढ्यांची सरासरी काढायची तर स्मशानाबाहेर उभं राहून गावची तब्येत विचारण्यासारखं झालं. सगळे म्हणणार, आम्ही बरे आहोत."

प्राध्यापक अकरा ठोकळ्यांचा शोध घ्यायला गेले. बाई बराच वेळ धुसफुसत होत्या. शिकलेल्या माणसांना अजून हे सांगावं लागतं, पालथ्या घड्यावर पाणी, वगैरे वगैरे. डबा खातानाही त्या मनातल्या मनात भांडतच होत्या, आणि तिसऱ्या घासाला त्यांचा हात थांबला. कारण वगळलेल्यांची संख्या किती, हा प्रश्न त्यांनी स्वतःला गेल्या आठवड्यात विचारलाच नव्हता.

गेल्या आठवड्यात त्यांनी पूर्ण करून दिलेला हिशेब त्यांच्या नणंदेचा होता. नणंद मेडिकलला सर्जन. मधुमेही माणसांच्या पायाला जखम झाली की ती महिनोन् महिने भरत नाही, कधी बोट कापावं लागतं. अशा रुग्णांच्या विभागाची ती प्रमुख. हॉस्पिटलात तिच्या चपलांचा आवाज आला की शिकाऊ डॉक्टर भिंतीला चिकटत. घरात मात्र तिला बेबी म्हणत, कारण ती पाच भावंडांत धाकटी. लग्न तिने केलं नाही, भाऊ-भावजयीबरोबर राहायची. दोन वर्षं तिने एकशेवीस रुग्णांवर अभ्यास केला होता. साठ जणांना जुनं ड्रेसिंग, साठ जणांना नवं. बाईंच्या हिशेबात जुन्याने जखम भरायला सरासरी बावन्न दिवस लागले, नव्याने एक्केचाळीस. येत्या एक तारखेपासून सगळ्या हॉस्पिटलात नवं ड्रेसिंग सुरू व्हायचं होतं. सव्वीस तारखेच्या समितीत फक्त शिक्का बसायचा बाकी होता.

बाईंनी डबा तसाच झाकला आणि ९९ किती ते मोजलं. जुन्या ड्रेसिंगमध्ये पाच. नव्यामध्ये सतरा.

रुग्ण नुसते यायचे बंद झाले असते तर दोन्हीकडे साधारण सारखेच झाले असते. नव्या ड्रेसिंगवालेच गाव सोडून पळतात असं काही नव्हतं. बाई उठल्या आणि खोलीला कुलूप लावून दोन चौक चालत हॉस्पिटलात गेल्या. ड्रेसिंगच्या खोलीतल्या सिस्टर तिथे एकोणीस वर्षं होत्या आणि डॉक्टरांपेक्षा जास्त जखमा त्यांनीच पाहिल्या होत्या. फॉर्म त्याच भरीत. बाईंनी विचारलं, हे नव्याण्णववाले सतरा रुग्ण यायचे बंद कधी झाले?

सिस्टर पट्टी कापता कापता थांबल्या. "बंद कुठे झाले? तिघेचौघे गेले असतील. बाकीचे येतच होते. जखमाच भरत नव्हत्या त्यांच्या."

"मग ९९ का लिहिलंत?"

"दिवसांच्या आकड्याला दोनच चौकटी दिल्यात तुम्ही, बाई. एकशे चौदा कुठे लिहू मी? मोठ्यात मोठा आकडा मावला तो लिहिला."

बाईंनी वर पाहिलं. भिंतीवर बाईंचेच पाच नियम लावलेले होते. सिस्टरनी ते वाचले नव्हते असं नाही. पण नियमात "माहिती नसेल तर" असं होतं आणि सिस्टरना माहिती चांगलीच होती. म्हणजे ज्यांच्या जखमा सगळ्यात हट्टी, नेमके तेच संगणकाने उचलून बाहेर ठेवले होते, आणि तसं करायला त्याला बाईंनीच शिकवलं होतं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण! सकाळी अकरा वाजता त्या काँक्रीटवाल्याला स्मशान दाखवीत होत्या.

तरी मनुष्यस्वभाव असा की परत येताना त्यांनी निसटायची फट शोधलीच. दोन चौकटी त्यांनी आखल्या कारण मुळात प्रत्येक रुग्णावर तीन महिने, म्हणजे नव्वद दिवस, लक्ष ठेवायचं होतं. ती मुदत बेबीने पुढे सहा महिन्यांची केली असेल आणि कळवलं नसेल, तर चूक तिची. दुसऱ्या कपाटातली फाईल त्यांनी जवळजवळ उत्साहाने उघडली. त्यात पत्र होतं. मुदत वाढवली आहे, कृपया फॉर्म तपासून घ्यावा. खाली बेबीची सही, आणि कोपऱ्यात 'पाहिले' असं लिहून तारखेसकट बाईंची.

संध्याकाळी सहाला बेबी घरी आली तेव्हा बाईंनी तिला चहासुद्धा दिला नाही. वाफाळता कप हातात असलेल्या माणसाला असं काही सांगू नये. जे होतं ते त्यांनी क्रमाने सांगितलं: सतरा, पाच, दोन चौकटी, पत्र, सही. दादा, म्हणजे बाईंचे यजमान, पेपर वाचत होते. त्यांनी तो डोळ्यांपर्यंत वर धरला आणि तिथेच ठेवला.

बेबीने पर्स खांद्यावरून उतरवून खाली ठेवली. मग म्हणाली, "मला दिसत होतं, वहिनी."

"काय दिसत होतं?"

"की दहाबारा जणांच्या जखमा हलतच नाहीयेत. त्यातल्या दोघांचे अंगठे मीच काढले. पण तुझा कागद आला, त्यावर एक्केचाळीस लिहिलेलं. मी म्हटलं, माझे डोळे चुकत असतील, वहिनीचा हिशेब चुकणार नाही."

बाईंना वाटलं, हिने आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. त्यांना रागाला उत्तर देता येई, विश्वासाला कसं द्यायचं ते ठाऊक नव्हतं. म्हणून त्या स्वतःच चिडल्या. डॉक्टरने आपल्या डोळ्यांवर भरवसा ठेवायचा की जिन्याखालच्या बाईवर, असं त्या तावातावाने विचारू लागल्या. आकडे काय आभाळातून पडतात? बेबीही मग उसळली. तीस वर्षं सगळ्या विद्यापीठाला धाकात कोण ठेवतंय, तुझ्या कागदावर कुणी प्रश्न विचारला तर त्याला त्या डुगडुगत्या खुर्चीत बसवून कोण सोलतंय? दादांनी पेपरामागून सुचवलं की दोघींनीही जरा पाणी प्यावं. दोघींनी एकदमच त्यांना गप्प केलं.

त्यानंतर घरात अबोला. मीठ हवं असेल तर ते दादांमार्फत मागवलं जाई, आणि दादा बिचारे टेबल टेनिसच्या चेंडूसारखे इकडून तिकडे होत. काम मात्र चालू राहिलं. सिस्टरकडे ड्रेसिंगचं स्वतःचं रजिस्टर होतं, प्रत्येक रुग्णाच्या प्रत्येक खेपेचं. रोज दुपारी बाई तिथे स्टुलावर बसून एकेक नाव जुळवीत. दारातून बेबी ये-जा करी आणि दोघी एकमेकींकडे न बघता सिस्टरशी बोलत. नव्या ड्रेसिंगच्या सतरांपैकी तेरा जणांच्या जखमा शंभराच्या पुढे गेलेल्या, एकीची तर एकशे एकसष्ट दिवस. खरोखर यायचे थांबलेले चारच. जुन्यातल्या पाचांपैकी एकाला एकशे आठ दिवस लागले होते, चार थांबले होते. आकडे पुन्हा मांडले तेव्हा जुनं ड्रेसिंग त्रेपन्न दिवसांवर आलं आणि नवं एकसष्टवर. बाईंनी तीनदा पडताळून पाहिलं. आपण चुकलो असू अशी आशा त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच केली, पण बेरीज बरोबर होती.

समितीत अकरा वरिष्ठ डॉक्टर लांब टेबलाभोवती बसलेले. अध्यक्षांना जेवायच्या आत संपवायचं होतं. बेबीने उभं राहून सांगितलं की आपला निष्कर्ष चुकीचा होता, नवं ड्रेसिंग सुरू करू नये. खोलीत चुळबुळ झाली. कुणीतरी म्हणालं, ड्रेसिंगची खोकी तर येऊन पडलीत. दुसऱ्याने विचारलं की आठ दिवसांचा तर फरक, तेवढ्यासाठी एवढा घोळ कशाला. मग अध्यक्षांनी घड्याळाकडे बघत विचारलं, "फॉर्म कुणी आखला होता?"

बाई कोपऱ्यातल्या खुर्चीतून उठत होत्या तोवर बेबीच म्हणाली, "फॉर्म कुणीही आखला असेना, सर. दोन वर्षं रोज वॉर्डात मी होते. त्या नव्हत्या."

"तू मध्ये बोलू नकोस, बेबी," बाई म्हणाल्या.

टेबलाभोवतीच्या अकरा माना वळल्या. शेवटच्या खुर्चीवरच्या भूलतज्ज्ञांना खोकला आला आणि बराच वेळ थांबेना. बेबी कानापर्यंत लाल झाली. पण बाईंचं तिकडे लक्ष नव्हतं. त्यांनी फॉर्म टेबलावर ठेवला, दोन चौकटींवर बोट ठेवलं आणि सांगितलं की या मी आखल्या, मुदत वाढल्याचं पत्र मी वाचलं, त्यावर सही केली आणि चौकट वाढवली नाही. मग आठ दिवसांवाल्यांकडे वळून म्हणाल्या, "आठ दिवस ही सरासरी झाली, डॉक्टर. त्या तेरा जणांना ती सांगून बघा."

नवं ड्रेसिंग थांबवायचं ठरलं. खोकी कंपनीला परत गेली.

बाहेर आल्यावर बेबी सतरा दिवसांनी पहिल्यांदा सरळ बोलली. ती बेबी या शब्दाचा हिशेब मागेल असं बाईंना वाटलं होतं, आणि त्यांनी उत्तरही जुळवून ठेवलं होतं. पण तिने विचारलं, "बारा वर्षांत असे किती फॉर्म आखलेस, वहिनी?"

बाईंनी ते आधीच मोजले होते. एकशे सेहेचाळीस. त्यांतल्या एक्केचाळीस फॉर्मांत दोन चौकटी होत्या आणि मोजायची गोष्ट शंभराच्या पुढे जाऊ शकत होती.

"मग?"

"मग काय. पत्रं घालते सगळ्यांना."

एक्केचाळीस पत्रं गेली. प्रत्येकात तेच: आपल्या अभ्यासातले ९९ कृपया मूळ वहीशी ताडून पाहावेत, चूक माझ्या फॉर्मची आहे. महिन्याभरात उत्तरं आली नऊ. मधमाशीवाल्यांनी कळवलं की मूळ वह्या वाळवीने खाल्ल्या. एकाने आभार मानले आणि पुढचं वाक्यच लिहिलं नाही. एका नेत्रतज्ज्ञाने, ज्याला त्याच अभ्यासावर बढती मिळाली होती, लिहिलं की झालं गेलं गंगेला मिळालं, आता कशाला उकरता.

बाईंनी ते पत्र दोनदा वाचलं. चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग तिसऱ्या कपाटातून त्या नेत्रतज्ज्ञाची फाईल काढून टेबलावर सगळ्यात वर ठेवली, आणि त्याच्या विभागाला फोन लावून विचारलं की मूळ वह्या बघायला उद्या सकाळी किती वाजता येऊ.