दिव्याच्या पेटीवरचा शेंदूर

नारळ फुटल्याचा आवाज आला की आजही एक सडका वास माझ्या नाकात शिरतो आणि तोंडाची चव जाते.

गोंदियाजवळच्या गोरेगावच्या वाटेवर धानाची एक गिरणी होती. गोंदियाहून मी अशा गिरण्यांची विजेची कामं करायला जात असे. इंग्रजांचं राज्य अजून होतं आणि त्या भागात वीज म्हणजे ऑइल इंजिनावर फिरणारा डायनामोच. दसरा नुकताच झाला होता. तेव्हापासून गिरणीतले दिवे एकदम भगभगायचे आणि फुटायचे. मी पोचायच्या आधीच गिरणीच्या शेठने निकाल देऊन टाकला होता.

"इसी ने मशीन को हाथ लगाया है," इंजिन चालवणाऱ्या म्हाताऱ्याकडे बोट दाखवून ते म्हणाले. "शाम तक खोली खाली कर दे."

खोली गिरणीच्या आवारातच होती. म्हाताऱ्याची लेक पहिल्या बाळंतपणासाठी तिथे आलेली, दिवस भरलेले. म्हातारा माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "मी कायले हात लावू जी त्याले? आन पोरीले अशी कुठी नेऊ?"

डायनामोच्या विजेचा दाब आवरणारा रेग्युलेटर भिंतीवरच्या लोखंडी पेटीत होता. पेटीवर शेंदूर-तेलाचा बोटभर थर. झाकण उघडलं आणि सडका वास अंगावर आला. फटींतून झिरपलेलं नारळाचं पाणी सडून चिकट झालं होतं. त्यात झुरळं, त्यांची घाण आणि एक पाल, अर्धी सुकलेली, अर्धी अजून ओली. त्याच राड्यात कंडेन्सर पडलेला. अंगठ्याएवढी त्याची डबी फुगून फाटली होती, आतलं मेण बाहेर आलं होतं. पाणी शिरून तो बाद झाला की रेग्युलेटरचा लगाम सुटतो आणि दिवे फुटतात.

शेठ नाकाला रुमाल लावून दारातच उभे होते.

"यावर नारळ कोण फोडतं?" मी विचारलं.

"हम खुद. हर दशहरे को. यही तो उजाले का देवता है."

"मग वर्षानुवर्षं साचलेल्या तुमच्याच नारळाच्या पाण्याने दिवे गेले, शेठजी. या म्हाताऱ्याने काही केलेलं नाही."

"नारियल के पानी से कभी किसी का बुरा हुआ है?"

त्या पालीपेक्षा या माणसाची मला जास्त किळस आली. पण मागे त्या खोलीत म्हाताऱ्याची लेक होती, म्हणून वाद न घालता कामाला लागलो. रॉकेलच्या चिंध्यांनी सगळी घाण खरवडून काढली, काळे पडलेले संपर्काचे पॉइंट घासले, नवा कंडेन्सर कथिलाचा डाग देऊन बसवला. इंजिन सुरू केलं. दिवा शांतपणे जळू लागला.

शेठ खूश झाले आणि त्यांनी लगेच नारळ मागवला. मी पेटीवर हात ठेवून म्हणालो, "इथे नको." त्यांनी माझ्याकडे पाहिलंदेखील नाही. नारळ म्हाताऱ्याच्या हातात दिला.

"नौकरी रखनी है ना? तो तू फोड़. यहीं पर."

म्हाताऱ्याने एकदा खोलीकडे पाहिलं, मग पेटीच्या कोपऱ्यावर नारळ आपटला. मी आत्ताच पुसलेल्या फटीतून पाणी आत गेलं. शेठ हात जोडून डोळे मिटून उभे होते.

प्रसादाचा तुकडा म्हाताऱ्यानेच मला आणून दिला. माझ्या हातांना अजून तोच वास येत होता.

"पोरगी मोकळी होयेपावतर टिकन न जी हे?" त्याने विचारलं.