यशवंतने घासाघीस केली नाही

यशवंत गेल्याची बातमी मला एका गिऱ्हाइकाने दिली, तीही रसायनशास्त्राच्या जाड पुस्तकाची किंमत पाडता पाडता. बदलापूरचे ते चित्रांच्या पुस्तकांवाले असते तर त्यांनी स्वस्तात दिलं असतं, पण ते बिचारे परवाच गेले, असं तो सहज बोलून गेला. अंत्यविधीही उरकला होता. मला कोणी कळवलं नव्हतं. मग तो माणूस म्हणाला त्या किमतीला मी पुस्तक देऊन टाकलं. तो इतका चपापला की, मधली पानं फाटलेली नाहीत ना, हे उभ्या उभ्या तपासू लागला...

अंबरनाथ पूर्वेला आम्ही दोघांनी जुन्या पुस्तकांचं दुकान काढलं तेव्हा ऐंशीचं दशक नुकतं लागलं होतं. यशवंतचा कारखाना बंद पडला होता आणि माझं भाजीच्या गाडीपासून कटलरीपर्यंत सगळं विकून झालं होतं. माल आणायचा तो उल्हासनगरला कॅम्प पाचमधल्या एका सिंधी शेठच्या रद्दीच्या गोदामातून. तिथे इंजिनिअरिंग, कायदा, डॉक्टरकीचे ग्रंथ आणि परदेशी मुलांची गुळगुळीत कागदाची चित्रमय पुस्तकं एकाच ढिगात पडलेली असायची, एकाच भावाने, किलोवर. मी शेठशी भांडायचो आणि यशवंत ढिगावर बसून एखाद्या अस्वलाच्या नाहीतर जहाजाच्या चित्रात बुडालेला असायचा. शेठ एकदा म्हणाला, "तू लडता है, ये पढता है. धंदा कौन करता है?" यशवंत मान वर न करता म्हणाला, "शेठ, आप."

माझी पद्धत सगळ्या कॅम्पला ठाऊक होती. पहिला शब्द कडक टाकायचा, समोरच्याने चिडायचं, मग चहा यायचा आणि शेवटी दोघांनी मधे कुठेतरी भेटायचं. मी तर यात हातापायीवर आलोय आणि त्याच माणसाच्या मुलीच्या लग्नात जेवलोय. यशवंत हे सगळं माझ्या शेजारी बसून पाहत आला होता. त्याला हे कळत नव्हतं, असं मला कोणी सांगू नये.

चित्रांच्या पुस्तकांवरून आमचं वाजायचं. त्याने दुकानाबाहेर टेबल मांडून त्यावर एक पुस्तक उघडं उभं करून ठेवायला सुरुवात केली. रोज सकाळी एक पान उलटायचा. शाळेत जाणारी पोरं थांबायची, कालच्या पानानंतर आज काय झालं ते पाहायची आणि पळायची. विकत कोण घेणार? गोष्ट तर फुकटात संपत होती आणि उन्हाने चित्रांचा रंग उडायचा तो वेगळाच. एका जूनमध्ये, ऐन हंगामात, दारात पोरांची ही गर्दी आणि कॉलेजची मुलं तिला कंटाळून पुढच्या दुकानात चाललेली. माझं डोकं फिरलं. भर दुकानात ओरडलो, "तुझी चित्रं उचल आणि चालता हो. जाडी पुस्तकं मला राहू देत."

यशवंत म्हणाला, "बरं."

दुसऱ्या दिवशी त्याने टेम्पो आणला. मी गल्ल्यावर बसून वाट पाहत होतो, की आता हा काहीतरी बोलेल. अर्धं दुकान माझं आहे म्हणेल, शिवी देईल, निदान टेबलावरून तरी भांडेल... मी उत्तर तयार ठेवलं होतं. तो खोकी भरत राहिला. जाताना "येतो" म्हणाला.

त्याने नवं दुकान टाकलं ते बदलापूरला, इथून एकच स्टेशन पुढे. मी कधी गेलो नाही, तो कधी आला नाही. चित्रांची पुस्तकं मागणाऱ्याला मी बदलापूरला पाठवायचो. कायद्याचं, इंजिनिअरिंगचं पुस्तक हवं असलेली माणसं माझ्याकडे येऊन, बदलापूरच्या सरांनी पाठवलं, असं सांगायची. सर कसे आहेत, हे मी त्यांना विचारलं नाही.

त्याच्या मागे ठेवलेला पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाल्यावर मी त्याच्या दुकानी गेलो. सुमनवहिनी एकट्याच होत्या. मी जे मनात होतं ते बोललो, की त्याने मला एका शब्दाने अडवलं नाही.

"तुम्ही जा म्हणालात, म्हणून ते गेले," वहिनी म्हणाल्या.

"वहिनी, तो माझा पहिला शब्द होता."

"आमच्या घरात पहिलाच शब्द शेवटचा असतो, भाऊजी. तुमचा राग उतरला की बोलवायला येतील, असं ते वर्षभर म्हणत होते. नंतर म्हणायचं सोडलं."

मग मी धंद्याचं बोललो. सगळा माल मी उचलतो, तुम्हाला त्रास नको, असं म्हणालो. त्या बरं म्हणतील, असंच मी धरून चाललो होतो.

"नाही," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही तुमची पुस्तकं इकडे आणा. आमच्याकडे चित्रं बघायला येणारी मुलं आता कॉलेजात गेलीत. दुकान एकच करायचं असेल तर इथे करू."

विचार करून सांगतो, म्हणालो.

"सावकाश सांगा. पण यात कमीजास्त व्हायचं नाही."

अजून उत्तर दिलेलं नाही. हे बोलणं ज्याच्याकडून ऐकायचं होतं, तो नाही. माझ्या दुकानाचं शटर जुनं आहे, रुंद आहे. आम्ही दोघं मिळून ते ओढायचो, मी उजवीकडून आणि यशवंत डावीकडून. मधोमध उभं राहून ओढलं तर एकट्यालाही जमतं, हे शेजारचा टेलर मला सांगून थकला. मी अजून उजव्याच टोकाला उभा राहतो. शटर तिरकं उतरतं आणि डावीकडे अडकतं. मग मी तिकडे चालत जातो आणि ती बाजू खाली ओढतो.