अनवाणी शॉट

मदतीला आलेला माणूस तुम्हाला आधी गरीब दिसायला सांगतो, तेव्हा तुम्ही काय करता?

आमच्या पेठेचं मैदान महापालिकेला वाहनतळासाठी हवंय. ते वाचावं म्हणून एक नामवंत दिग्दर्शक आमच्या तालीम मंडळाच्या फुटबॉल संघावर सिनेमा करतोय. काल सरावाला कॅमेरा लागला आणि तो म्हणाला, "पोरांनो, बूट काढून खेळा. अनवाणी पाय पडद्यावर बोलतात."

आमचा कप्तान संतोष म्हणाला, "साहेब, बूट तुम्हीच दिलेत की वो गेल्या महिन्यात!"

सगळे हसले. दिग्दर्शकही हसला, पण कॅमेरा काही सुरू होईना. संतोषनं एकदा सगळ्या मैदानावरून नजर फिरवली, मग खाली बसून बुटांच्या नाड्या सोडल्या.

त्या माणसाची कळकळ खोटी आहे, असं मी म्हणत नाही. पण जिला आमचं खरं दुःख पुरत नाही, त्या कळकळीचा मला संशय येतो. हक्क मागायला केविलवाणंच दिसावं लागतं, हे ठरवलं कुणी?

सिनेमा येईल तेव्हा येईल. महापालिकेची माणसं रविवारी ऐन आमच्या सामन्याच्या वेळी मैदान मोजायला येणार आहेत. तुम्हीही या. ठेवणीतले कपडे घाला, घरच्यांना घेऊन या आणि त्यांनी मोजपट्टी काढली की मैदानाच्या मधोमध उभे राहा.