पुलापलीकडे वाजणारा पेजर

मला आयुष्यात सगळ्यांत जास्त निरोप एका टोलनाक्याने पाठवले आहेत.

तेव्हा पेजर नुकते आले होते. मी सिल्वासात, डोकमर्डीला एका खोलीत. बायको आणि मुलगी चाळीसगावला, कारण सुनंदाची नोकरी तिथल्या शाळेत. घरी फोन नव्हता आणि पत्राला आठवडा लागायचा. म्हणून मी हौसेने पेजर घेतला आणि सुनंदाला बजावलं, "दिवाळीला येणार की नाही ते बूथवरून फोन करून पेजरवर कळव. संध्याकाळी सहाला!" ती आली नाही तर माझी दिवाळी म्हणजे मी, स्टोव्ह आणि खानावळीचा चिवडा.

पण सिल्वासात पेजर वाजायचाच नाही! (हे विकणाऱ्याने पैसे खिशात घातल्यावर सांगितलं.) तो वाजायचा वापीच्या रस्त्यावर, पुलाच्या पलीकडे. आणि पुलाच्या अलीकडे टोलनाका, स्कूटरलासुद्धा टोल! मी रोज ऑफिस सुटलं की भांग पाडून पूल ओलांडायचो, एका बाभळीखाली उभा राहून पेजरकडे बघत बसायचो आणि परत यायचो.

नाक्यावर मनुभाई असायचे. रोजचा माणूस म्हणून त्यांनी माझं खातं उघडलं. नियम नवा कोरा होता: खातेदाराला बाकीची सूचना पेजरवरच जाईल, आणि ती पोचल्याशिवाय पैसे घेतले जाणार नाहीत.

"मनुभाई, मी समोर उभा आहे. घ्या ना पैसे!"

"साहेब, सूचना मळी? मिळाली?"

"इकडे पेजर वाजत नाही हो!"

"तर पलीकडे जाऊन या ने. रूल एटले रूल!"

पलीकडे गेलो. पेजर वाजला. घाईघाईने वाचलं: 'टोल बाकी आहे.' परत येऊन भरला. पण सूचना वाचायला गेलो त्या फेरीचा टोल चढला होताच! त्याची सूचना दुसऱ्या दिवशी, आणि ती वाचायला पुन्हा पूल! महिनाभर हेच. पेजर वाजला की मला वाटायचं सुनंदा, आणि निघायचे मनुभाई.

दिवाळीच्या तोंडावर एका संध्याकाळी पेजर वाजला आणि माझं डोकंच फिरलं. न बघता निरोप पुसून टाकला. अर्ध्या मिनिटात पेजर परत वाजला. वाचलं: 'टोल बाकी आहे.'

मग मघाचा कोणाचा होता?

रात्रभर डोळा लागला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारीच नाका गाठला. "मनुभाई, काल निरोप एकदा पाठवलात की दोनदा? दोनदा म्हणा हो!"

"एकदाच, साहेब."

एवढ्यात वापीकडून एक रिक्षा येऊन थांबली. आत ट्रंक, आकाशकंदील, आमची चिंगी आणि लालबुंद सुनंदा!

"अहो! दोन तास वापी स्टेशनवर उभ्या होतो आम्ही! पेजर केला होता ना मी?"

मनुभाई मदतीला धावले. "भाभी, साहेब तर रोज सहा वाजता भांग-बिंग पाडून पलीकडे जातात! अर्ध्या तासात परत. कोणाला भेटतात ते आपण कधी विचारलं नाय!"

सुनंदाचा आवाज एकदम खाली आला. "कोण राहतं पलीकडे?"

"कोणी नाही गं! बाभळीचं झाड आहे!"

"झाडासाठी भांग?"

मी पेजर तिच्या हातात दिला. ती एकेक निरोप वाचत गेली. टोल बाकी आहे. टोल बाकी आहे. शेवटपर्यंत तेच. चिंगी डोकावून म्हणाली, "बाबा, तुम्हाला दुसरं कोणीच निरोप पाठवत नाही?"

मनुभाईंनी खिडकीतून तोंड वळवलं. सुनंदा हळूच म्हणाली, "चला घरी." खरं सांगतो, त्या भर रस्त्यात मला रडू आलं. (धुरामुळे, असं मी चिंगीला सांगितलं.)

चार दिवस खोली भरलेली होती. मग त्या गेल्या. आकाशकंदील मी तुळशीच्या लग्नापर्यंत उतरवला नाही. सुनंदाने रोज निरोप पाठवायचं कबूल केलं होतं, पण फोनचा बूथ शाळेपासून लांब आणि तिच्यामागे कामं शंभर.

पुढच्या सोमवारी सहा वाजता बाभळीखाली पेजर वाजला. या वेळी पुसला नाही, नीट वाचला. 'टोल बाकी आहे.' नाक्यावर येऊन मी पैसे भरले, स्कूटर वळवली आणि उगाचच पूल आणखी एकदा ओलांडून आलो. उद्या एकाऐवजी दोन निरोप तरी पक्के झाले!