पुरावा म्हणून जमा झालेला कोट

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर पूर्वी छत्र्या दुरुस्त करणाऱ्याचं दुकान होतं. तो म्हातारा मुलीकडे राहायला गेला आणि त्या गाळ्यात वकीलबाई आल्या. आल्या त्या दिवशी मी गॅलरीतच होते. काळ्या कोटाखाली पळायचे बूट, पाठीला फुगलेली पिशवी, डोक्यावर उलटी धरलेली प्लास्टिकची खुर्ची, आणि टेम्पोवाल्याशी चाललेलं भांडण चौथ्या मजल्यापर्यंत शब्दन् शब्द ऐकू येत होतं. चाळीस वर्षं रंगभूमीवर काढली की दुसऱ्याचा प्रवेश पारखायची खोड लागते. मी मनात म्हटलं, या बाईला माइक लागणार नाही.

दुसऱ्या दिवशी पाटी लागली. 'मोटार अपघातातील जखमींचे दावे.' खाली वेळ नाही, पदव्यांची शेपटी नाही. मी चौकशीला उतरले आणि त्या दिवसापासून माझी सकाळ तिथेच जाऊ लागली. त्यांच्याकडे दोन वर्तमानपत्रं येत, आणि माझ्याकडे वेळ भरपूर.

वकीलबाईंचं वय पंचेचाळीसच्या आसपास. बुटक्या, गोल, आणि पायाला भिंगरी. त्यांची काम करायची रीत आगळी होती. कागद हातात आले की आधी अपघाताच्या जागी जायचं. तेही वाटेल तेव्हा नाही. अपघात मंगळवारी सव्वानऊला झाला असेल तर मंगळवारीच, सव्वानऊलाच. टेपने रस्ता मोजायचा, सिग्नलचे सेकंद मोजायचे, कोपऱ्यावरच्या फळवाल्याशी गप्पा मारायच्या. एकदा एका आजोबांच्या दाव्यात प्रश्न होता की हिरव्या दिव्यात रस्ता ओलांडून होतो की नाही. बाई माझ्या दारात उभ्या.

"तुमचं वय किती हो?"

"बाईला वय विचारता?"

"सत्तरीची चाल हवीय मला. चला."

मी पाच वेळा तो रस्ता ओलांडला. चौथ्या वेळी एका स्कूटरवाल्याने मला नमस्कार केला. बाई पलीकडून घड्याळ हातात धरून ओरडल्या, "राणीसरकार, साधं चाला! दरबार भरलेला नाही इथे!"

राणीसरकार हे माझं टोपणनाव. उभ्या आयुष्यात मी राण्याच केल्या, दासीची भूमिका कुणी दिलीच नाही. आवाज मोठा होता, म्हणून.

बाईंच्या कचेरीत एक नियम होता. "कसे आहात?" या प्रश्नाला "बरा आहे" म्हणायचं नाही. पायात सळई घातलेला माणूस कुबड्या टेकत आत यायचा, बाई विचारायच्या आणि तो सवयीने म्हणायचा, "बरा आहे." की बाई तडकल्याच. "बरे आहात ना? मग घरी जा! इथे कशाला आलात?" माणूस गडबडून जायचा. मग हळूच सांगायचा की जिना चढवत नाही, रात्री कूस बदलता येत नाही, नातवाला उचलता येत नाही. बाई ते त्याच्याच शब्दांत लिहून घ्यायच्या.

या नियमामागची हकीकत त्यांनी मला एकदाच सांगितली. सुरुवातीची पाच वर्षं त्या पलीकडच्या बाजूला होत्या, विमा कंपनीच्या वकील म्हणून. एका म्हाताऱ्या गवंड्याला त्यांनी साक्षीत अगदी गोड आवाजात विचारलं, "कसे आहात, बाबा?" तो म्हणाला, "बरा आहे पोरी, तू कशी आहेस?" त्या एका वाक्यावर कंपनी जिंकली. संध्याकाळी बाईंनी पाहिलं, तोच गवंडी बसथांब्यावर उभा होता. बस आली, गेली, दुसरी आली, गेली. त्याला पायरी चढता येत नव्हती आणि कुणाला हात द्या म्हणायची लाज वाटत होती. त्याच आठवड्यात बाईंनी राजीनामा दिला. हे सांगताना त्या पेन्सिलीला टोक करत होत्या आणि टोक सहा वेळा मोडलं.

आता मास्तरांबद्दल. मास्तर म्हणजे आमच्या नाटक कंपनीचे शिंपी. माझ्या सगळ्या राण्यांची लुगडी, शेले, चोळ्या त्यांच्या हातच्या. तिसरी घंटा झालेली, माझी बाही फाटलेली, मी विंगेत रडकुंडीला आलेली, आणि मास्तर माझ्या अंगावरच टाके घालताहेत, हे किती वेळा घडलं असेल! कंपनी बंद पडल्यावर त्यांनी दुकान टाकलं. पुरुषांचे कोट ही त्यांची खासियत.

गेल्या वर्षी सिग्नलला रस्ता ओलांडताना वळणाऱ्या मोटारीने त्यांना पाडलं आणि चाक उजव्या हातावरून गेलं. हाडं जुळली. पण अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट यांची पुन्हा काही भेट झाली नाही. शिंप्याचं सगळं त्या दोन बोटांतच तर असतं. मी त्यांना जवळजवळ ओढतच वकीलबाईंकडे नेलं. अडचण अशी की विमा कंपनी म्हणत होती, हात ठीक आहे, दुकान रोज उघडतं, मालक मशीनवर बसलेला दिसतो. बसलेला दिसायचाच. दिसावं म्हणूनच तर बसत होते मास्तर! गिऱ्हाईक आलं की पायाने मशीन चालवायचे, रिकामंच. शिलाई त्यांची बायको, आमच्या वहिनी, करत, मागच्या खोलीत. वहिनींना वाटे, हात हळूहळू सुधारतोय. तसं मास्तरच सांगत होते. पण वहिनींना साधी शिलाई येई, कोट नाही. भरपाई मिळाली तर दोन चांगले कारागीर ठेवून दुकान चालणार होतं. नाही मिळाली तर शटर कायमचं खाली.

"मास्तर, कोर्टात हुशारी दाखवायची नाही," बाईंनी बजावलं. "जमत नाही ते जमत नाही म्हणायचं."

"म्हणेन की."

"आत्ता म्हणा बघू."

मास्तर खाकरले, चष्मा पुसला, म्हणाले, "तसं काही फारसं अडत नाही, पण…"

बाईंनी कपाळावर हात मारला.

साक्षीच्या दिवशी मी आणि वहिनी सोबत गेलो. सकाळी बाईंनी स्वतः प्रश्न विचारले, ते बरे गेले. दुपारच्या सुट्टीनंतर कंपनीच्या वकिलांची पाळी होती. बाई कागदांच्या प्रती काढायला गेल्या आणि जाताना मला म्हणाल्या, "यांच्यावर लक्ष ठेवा."

आम्ही तिघं व्हरांड्यातल्या बाकावर बसलो. समोरून कंपनीचे वकील फोनवर बोलत येरझाऱ्या घालत होते. उंच, देखणा गृहस्थ, कोटही झकास. फक्त त्या कोटाचं मधलं बटण एका धाग्यावर लोंबत होतं. ते येत, बटण हले. ते जात, बटण हले. मास्तरांची मान बटणाबरोबर फिरत होती. चौथ्या फेरीला ते उठले.

"साहेब, पडेल हो ते."

"काय?"

"बटण. काढा कोट, लावून देतो."

आता खरं सांगते, मी अडवायला हवं होतं. पण मी काय म्हटलं? म्हटलं, "द्या साहेब, यांच्यासारखा टाका सगळ्या शहरात मिळायचा नाही!" जुन्या माणसाचं कौतुक करायची संधी मी सोडत नाही, त्याचा हा परिणाम.

वकिलांनी कोट दिला. मास्तरांनी शर्टाच्या खिशाच्या झाकणाखालून सुई काढली. ती तिथे कायम खोचलेली असते, काळा दोरा गुंडाळून. वहिनींनी दोरा ओवून दिला. मग मास्तर अर्धवट आमच्याकडे पाठ करून, कोट मांडीवर घेऊन बसले ते बराच वेळ. सुट्टी संपल्याची घंटा झाली तेव्हा कुठे दोरा तोडला, दातांनी. वकिलांनी आभार मानून कोट घातला. मास्तर एखाद्या नवऱ्यामुलासारखे ताठ बसले होते.

आत गेल्यावर कंपनीच्या वकिलांनी पहिलाच प्रश्न विचारला, "कसे आहात, मास्तर?"

"बरा आहे, आपली कृपा."

शेजारी बाईंच्या पेन्सिलीचं टोक मोडल्याचा आवाज मला ऐकू आला.

"मघाशी व्हरांड्यात काय करत होतात?"

"बटण लावत होतो."

"कुणाचं?"

"आपलंच की, साहेब."

सगळे हसले. वकिलांनी ते बटण दोन बोटांनी उचलून न्यायाधीशांना दाखवलं. "काही त्रास झाला?"

आणि मास्तर, माझे लाडके, अडाणी, मानी मास्तर म्हणाले, "छे! बटणाचा कसला त्रास?"

वकील बसले. अर्ध्या मिनिटात खेळ संपला होता. बाईंनी माझ्याकडे जे पाहिलं, त्या नजरेपुढे मी पाचवीतली मुलगी झाले. मग त्या उठल्या.

"मला तो कोट हवा आहे."

कंपनीच्या वकिलांनी हरकत घेतली. न्यायाधीश म्हणाले, "बटण आपणच दाखवलंत. द्या." कोट काढावा लागला. बाईंनी तो घेतला, बटणाकडे पाहिलंही नाही, आणि सरळ मास्तरांच्या हातात दिला.

"मास्तर, समजा तुमच्या दुकानात काल लागलेल्या कारागिराने हे बटण लावलंय. नीट पाहा. असा कोट गिऱ्हाइकाला द्याल?"

मास्तरांनी चष्मा लावला. कोट उलटा केला, सुलटा केला. खोटं बोलायला तोंड उघडलं असावं. पण समोर कापड होतं, आणि कापडाबद्दल खोटं बोलणं त्या माणसाच्या रक्तातच नव्हतं.

"नाही देणार."

"का?"

"बटणाखाली दोऱ्याचे वेढे नाहीत. वेढे घेतले की बटण उभं राहतं. हे झोपलंय." ते जरा थांबले. "टाके वाकडे आहेत. अस्तर गोळा झालंय. आणि हे काय… आतला खिसाच शिवून टाकलाय गाढवाने!"

न्यायाधीशांनी तोंडापुढे कागद धरला.

"त्या कारागिराचं काय कराल?"

"दुसऱ्या दिवशी येऊ नकोस म्हणेन."

"असं बटण लावायला तुम्हाला पूर्वी किती वेळ लागायचा?"

"वेळ कसला? गिऱ्हाईक पाणी पिईपर्यंत व्हायचं."

"आज?"

"पाऊण तास बसलो होतो."

"कोणत्या हाताने लावलंत?"

"डाव्या."

"उजव्याने का नाही?"

मास्तरांनी वहिनींकडे पाहिलं. वहिनी पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. मी आयुष्यात पुष्कळ विराम पाहिलेत, घेतलेतही, टाळ्यांसाठी. त्या विरामात कुणी खोकलंसुद्धा नाही.

"उजव्या बोटांत सुई आहे की पडली, हे मला कळत नाही," मास्तर म्हणाले. "डोळ्यांनी बघावं लागतं. अपघातापासून एक टाका घातलेला नाही मी त्या हाताने. हिला सांगितलं नव्हतं."

वहिनी रडल्या नाहीत. फक्त बाकावरून मोठ्याने म्हणाल्या, "मला आधी सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं हो?" न्यायाधीशांनी त्यांना शांत राहायला सांगितलं, पण तेही अगदी हळू आवाजात.

मास्तर कंपनीच्या वकिलांकडे वळले. "साहेब, द्या, उसवून देतो. हे माझ्या हातचं आहे असं कुणाला सांगू नका."

"उसवू नका," न्यायाधीश म्हणाले. "तो कोट आता पुरावा आहे. जमा करा."

त्या दिवसाचं उरलेलं सगळं काम कंपनीच्या वकिलांनी कोटाविना केलं, दोन्ही हात छातीशी घट्ट बांधून.

बाहेर आल्यावर मी बाईंची माफी मागितली. त्या बुटांच्या नाड्या बांधत म्हणाल्या, "तुम्ही दोघांनी मिळून मला आज म्हातारी केलंत. चहा पाजा." मग वहिनींना बाजूला घेऊन त्या बराच वेळ काही बोलत होत्या. काय ते मी विचारलं नाही. तेवढी अक्कल मला आहे.

पाच आठवड्यांनी निकाल लागला. मास्तरांचा हात त्यांच्या धंद्यापुरता कायमचा गेला, हे मान्य झालं आणि भरपाई मंजूर झाली. निकाल ऐकून मास्तरांना आनंद झाला की वाईट वाटलं, हे त्यांचं त्यांनाही ठरवता येईना. दोन दिवस ते दुकानात आलेच नाहीत. तिसऱ्या दिवशी आले आणि वर्तमानपत्रात जाहिरात दिली, 'कोटाचे कारागीर पाहिजेत.'

परवा मी आणि वकीलबाई त्यांच्याकडे गेलो होतो. बाईंना नवा कोट शिवायचा होता. दुकानात दोन कारागीर बाया, चार गिऱ्हाइकं, आणि उंच स्टुलावर मास्तर. एक बाई कॉलर बसवत होती आणि ती काही केल्या बसेना. मास्तर एकसारखे सूचना देत होते. शेवटी ती वैतागून म्हणाली, "मास्तर, नुसतं सांगता काय? एकदा करून दाखवा ना!"

आतल्या खोलीत वहिनींची इस्त्री थांबली.

मास्तरांनी उजवा हात टेबलावर ठेवला, सगळ्यांना दिसेल असा. "माझा हात काम करत नाही, बाळ," ते म्हणाले, कापडाचा पन्हा सांगावा तितक्या सहज. "तू कर. मी बघतो. कॉलर आधी मधोमध टाच, मग कडेला जा."

तिने टाचली. कॉलर बसली. आत इस्त्री पुन्हा सुरू झाली.

वकीलबाई आरशासमोर हात पसरून उभ्या होत्या. त्यांनी काहीच ऐकलं नाही असा चेहरा केला. अभिनय बेताचाच, पण मी सोडून दिलं. "मास्तर," त्या म्हणाल्या, "बाह्या जरा सैल ठेवा. मला रस्ते मोजावे लागतात."