देवापुढचा पासपोर्ट

मला जर्मन येतं म्हनलं की मार्केटातले बाकीचे हमाल पोतं खाली टाकून हसतात. शाळेची मी भिंतच बघितली, ती पन बाहेरनं. पन एक शब्द येतो. गेहेन. म्हंजे जानं.

पोरगी माझी नर्स. तिची आई वारल्यापासनं करंजाड्याच्या खोलीत आमी दोघंच. जर्मनीत नोकरी लागायची तर भाषा पायजे, म्हनून सकाळी भाकरी थापता थापता ती घोकायची, "इश गेए, डू गेस्ट, एर गेट."

"म्हंजे काय गं?"

"मी जाते, तू जातोस, तो जातो."

माझ्या हातातला चहा सांडला. आमच्यात निघताना 'जातो' म्हनत न्हाईत. घरात कुनी नसलं तरी देवाकडं बघून 'येतो' म्हनायचं. आन ही बया सकाळी सकाळी सगळ्यांना धाडत होती.

"ते एर गेट नको बोलू. तो मीच निघायचो."

"पप्पा, काय पन तुमचं! तब्येत विचारायला पन हेच असतं. वी गेट्स? कसं चाललंय? मग म्हनायचं, एस गेट. चाललंय."

तेवढं मी पाठ केलं. रोज संध्याकाळी ती विचारायची, "वी गेट्स?" मी छाती फुगवून, "एस गेट!"

चाललं काय नव्हतं. कांद्याचं पोतं पाठीवर घेतलं की छातीत कुनीतरी मूठ आवळायचं. डाक्टर रिपोर्ट बघून म्हनला, काळीज मोठं झालंय, लगेच अ‍ॅडमिट व्हा. मी म्हनलं, "रिपोर्ट दुसऱ्याचा असंल, मला एवढं मोठं काळीज कुठलं?" तो हसला न्हाई.

पोरीला कळलं असतं तर तिनं जानं रद्द केलं असतं. म्हनून रिपोर्ट देव्हाऱ्यात लाल कपड्याखाली सारला. देव बघून घेईल. आन व्हिसा आला तसा मीच शहाना बोललो, "पासपोर्टाला हळदकुंकू लाव, देवापुढं ठेव." त्याच लाल कपड्यावर.

निघायच्या दिवशी खाली गाडी हॉर्न देत होती. पोरगी पाया पडली, पासपोर्ट घ्यायला वाकली. कपडा सरकला.

नर्सला रिपोर्ट वाचायला कितीसा वेळ लागतो? ती माझ्याकडं वळलीच न्हाई. पाठमोरीच म्हनली, "पप्पा, वी गेट्स?"

मी जोक शोधत राह्यलो. एकबी सापडंना.

तिनं पासपोर्ट परत देवापुढं ठेवला, रिपोर्ट पर्समदी घातला. "चला, गाडीत बसा."

"अगं, विमान..."

"बसा म्हनते ना!"

गाडी हॉस्पिटलच्या रस्त्याला लागली तेव्हा माझ्या ध्यानात आलं. निघताना देवाला 'येतो' म्हनायचं राह्यलंच.